ट्रकच्या मागची ती आडवी पट्टी

आज कोड बाजूला, ट्रकबद्दल बोलू. समृद्धी महामार्ग आपल्या वाशिम जिल्ह्यात मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा या तालुक्यांतून जातो. याच महामार्गावर ऑक्टोबर २०२३ मध्ये वैजापूरजवळ मिनीबस ट्रकवर मागून आदळली. १२ जण गेले.

आता बघा, कारचं बोनेट धडकेत चेपण्यासाठीच बनवलेलं असतं. ते चेपतं म्हणून आतला माणूस वाचतो. पण ट्रकची मागची बॉडी बोनेटपेक्षा उंच. कार सरळ खाली घुसते, मार काचेवर बसतो. मग एअरबॅग तरी काय करणार? म्हणून ट्रकच्या मागे, खाली, लोखंडी गार्ड लागतो. नियमाने तो जमिनीपासून ५५० मिलीमीटरपेक्षा वर नको.

आमच्या काकांच्या ट्रकचा गार्ड वाकलेला होता. म्हणाले, "अरे, मांगून कोन येऊन धडकते?"

म्हटलं, "काका, दिवाळीला रात्री पुण्याहून कारने मीच येतो ना!"

आठ दिवसांत नवा गार्ड बसला.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही माणूस चुकणारच असं धरून डिझाइन करतो. रस्त्यावर डुलकी कुणालाही लागते. सोयाबीन भरण्याआधी एकदा ट्रकच्या मागे वाकून बघा. भेटू पुढच्या भागात!