अडकित्ते, दिवे आणि वज्र्या

वारसा म्हटलं की आपल्याला सातबारा आठवतो, फार तर दागिने. पुण्यात चष्म्यांचं दुकान चालवणाऱ्या दिनकर केळकरांच्या मनात मात्र वेगळंच होतं. ‘अज्ञातवासी’ या नावानं ते कविता लिहीत. 1920च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. आणि वस्तू कोणत्या? अडकित्ते, समया, दौती, फण्या, पाय घासायच्या वज्र्या, कोरीव दरवाजे. लोक माळ्यावर टाकतात किंवा मोडीत काढतात, तेच हे सगळं. पत्नी कमलाबाईंनीही या वेडाला मनापासून साथ दिली. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून केळकरांनी या वस्तूंच्या आपल्या संग्रहालयात तो पुन्हा उभा केला.

त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. संग्रहालयाला नाव मिळालं ते त्या मुलाचं. पुढे 1975 साली हा सारा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आयुष्यभर पोटाला चिमटा काढून जमवलेलं असं देऊन टाकणं मला जमवण्याहूनही अवघड वाटतं.

आपल्याकडे केळकरांसारख्या वीस हजार वस्तू नसतील. पण आजीचा पितळी डबा असेल, आजोबांची हिशेबाची वही असेल. ती वस्तू कुणाची, कुठून आली, कशाला वापरायची, हे एका कागदावर लिहून तिच्याबरोबर ठेवा. सांगणारी माणसं घरात आहेत, तोवर या रविवारीच विचारून घ्या.