डिस्क दिसत नाही म्हणजे डिस्क गेली, असं नाही
(संगणक वापरणाऱ्या गटांसाठी संघाच्या मासिक बैठकीत दिलेल्या माहितीचा लेखी मजकूर)



आपल्यापैकी बऱ्याच गटांकडे आणि ग्रामसंघांकडे जुना संगणक आहे. कुणाला शाळेकडून मिळाला, कुणी सेकंडहँड घेतला. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार बंद केला, आणि विंडोज ११ जुन्या मशीनवर सहसा बसत नाही. म्हणून कुणी लिनक्स मिंट टाकून घेतंय, कुणी सी-डॅकनं तयार केलेलं बॉस लिनक्स. दोन्ही फुकट आहेत.

अडचण पुढेच येते. पेनड्राइव्ह लावला, टाकायला सुरुवात केली, की पडद्यावर दिसतं, ‘हार्ड डिस्क सापडली नाही’. दुकानदार म्हणतो, “ताई, डिस्क गेली, नवीन टाका.” मग आपण ठराव लिहितो आणि पैसे देऊन मोकळ्या होतो. पैसे गटाचे आहेत. म्हणून ठराव लिहायच्या आधी पुढच्या गोष्टी बघा.

सगळ्यात आधी जुना हिशेब. संगणक अजून चालू होत असेल, तर गटाच्या सगळ्या फायली दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर काढून घ्या आणि उघडून बघा. नवीन सिस्टीम टाकताना डिस्क पुसली जाते. एकदा पुसलं की परत मिळेल याची खात्री नसते.

आता तपासणी. संगणक चालू करताच एफ-२ किंवा डिलीट बटण पटापट दाबत राहा. काही कंपन्यांत एफ-१ किंवा एफ-१० असतं, सुरुवातीच्या पडद्यावर लिहिलेलं येतं. एक साधी पाटी उघडते, तिला बायोस म्हणतात. तिथं डिस्कचं नाव आणि क्षमता दिसते का, बघा. सगळा निकाल इथंच लागतो. बायोसला डिस्क दिसत असेल तर बहुतेक वेळा भानगड सेटिंगची असते. दिसत नसेल तर वायर, जोडणी नाहीतर डिस्क.

बायोसला दिसत नसेल तर? संगणक बंद करा, प्लग काढा, मग चालू करायचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा. डबा उघडल्यावर आधी आतल्या लोखंडी पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. वीज येते तो बंद खोका मात्र कुणी उघडायचा नाही. डिस्कला दोन वायरी असतात, एक माहितीची, एक विजेची. टेम्पोत, जीपमध्ये हादरे बसून त्या सैल होतात. दोन्ही काढून घट्ट बसवा. तरी नाही दिसली तर दुसरी वायर लावा, दुसऱ्या खाचेत लावून बघा. बायोसमध्ये ती खाचच बंद करून ठेवलेली नाही ना, तेही बघा. शेवटी डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून बघायला सांगा. तिथंही दिसली नाही, तर मात्र ती गेली असं धरायला हरकत नाही. डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल आणि आत हिशेब असेल, तर ती पुन्हापुन्हा चालू करू नका, असेल ते पण जाईल.

बायोसला दिसते पण सिस्टीम टाकताना दिसत नाही, असं असेल तर ‘साटा मोड’ नावाची सेटिंग शोधा. तिथं आयडीई, एएचसीआय, रेड असे पर्याय असतात. लिनक्ससाठी एएचसीआय ठेवा. जुनी एक्सपी टाकत असाल तर तिच्या सीडीत एएचसीआय ओळखायची सोय नाही, म्हणून तिथं आयडीई. पण बदल करायच्या आधी जुनी सेटिंग वहीत लिहा किंवा मोबाईलवर फोटो काढा. ही सेटिंग बदलली की आधीची विंडोज निळा पडदा दाखवून अडू शकते. घाबरू नका, होतं तसं परत ठेवलं की ती बहुधा चालू होते.

आज दिसते, उद्या दिसत नाही, असं होत असेल तर तारीख बघा. दर वेळी तारीख-वेळ चुकत असेल, तर आतली नाण्याएवढी बॅटरी संपलीय. तिच्यावर बहुतेक ‘सीआर २०३२’ लिहिलेलं असतं. ती संपली की प्लग काढल्यावर संगणक आपली सेटिंग विसरतो आणि पुन्हा पहिल्या जागी जातो. ही बॅटरी घड्याळाच्या दुकानातही मिळते, आणि नव्या डिस्कपेक्षा कितीतरी स्वस्त असते.

डिस्क दिसते, पण ‘या डिस्कवर बसवता येत नाही’ असं आलं, तरी लगेच सगळं पुसू नका. एकच पेनड्राइव्ह कधीकधी सुरुवातीच्या यादीत दोनदा दिसतो, एकदा यूईएफआय लिहिलेला, एकदा तसाच. आधी दुसऱ्या प्रकारानं सुरू करून बघा.

दुकानात गेलात तर भीड धरू नका. “दादा, बायोसमध्ये डिस्क दिसते का ते आम्हाला दाखवा,” एवढं म्हणा. काय तपासलं ते बिलावर लिहून घ्या आणि गटाच्या वहीत नोंदवा.

आणि डिस्क खरंच गेली असली, तरी जुनी डिस्क दुकानात सोडू नका. तिच्यावर आपल्या बायांचे आधार नंबर आहेत, पासबुकाचे नंबर आहेत, कुणाचं किती कर्ज ते आहे. मोजून परत घ्या आणि संघाच्या कपाटात कुलपात ठेवा.