ताई, तुम्ही घेता का?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



आज व्यसनाच्या प्रश्नावर बोलायचं ठरलं आहे. त्याआधी एक कबुली देते. महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या संध्याकाळी आम्ही चौघी मैत्रिणी कोल्हापुरातल्या आमच्या ठरलेल्या परमिट रूममध्ये जातो. एक शिक्षिका, एक बँकेत, एक नर्स आणि मी. एखादी बिअर, अलीकडे मेन्यूकार्डावर आलेलं एखादं कॉकटेल, मसाला पापड आणि पोटभर गप्पा. पहिल्यांदा गेलो तेव्हा वेटरनं दारातच अडवलं, "ताई, फॅमिली वरच्या मजल्यावर. बरोबर जेंट्स कोण न्हाईत?" म्हणजे चार बायकांची फॅमिली होत नाही, त्यात एक पुरुष आला की होते! आता तो ओळखतो, पंख्याखालचं टेबल देतो. तरी मी तोंडाला स्कार्फ बांधूनच आत शिरते. भीती पोलिसांची नसते, तुमची असते.

कारण दिवसा मी वस्तीत दारूविरुद्ध बोलते. 'आडव्या बाटली'साठी दारोदार सह्या गोळा केल्या आहेत. मजुरी गुत्त्यावर जाते, पोरांची फी थकते, रात्री मार बसतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. १९९३ मध्ये गडचिरोलीत दारूबंदी झाली ती लोकांच्या आंदोलनातून, आणि त्यात बायका पुढे होत्या. तो लढा माझाही आहे.

पण गेल्या पावसाळ्यात एक बाई आमच्या केंद्रावर आली. ओठ फुटलेला, तोंडाला दारूचा वास. मी पहिला प्रश्न विचारला, "तू पण पितेस?" ती म्हणाली, "दिवसभर कचरा उचलते ताई, अंग ठणकतं. थोडी घेते." मी म्हटलं, "उद्या शुद्धीवर ये, मग अर्ज लिहू." ती परत आलीच नाही.

त्याच शनिवारी मी माझ्या टेबलावर बसले होते. माझ्या ग्लासाला मी विरंगुळा म्हणत होते, तिच्या ग्लासाला व्यसन. नवरा पिऊन मारतो तेव्हा दारू ही त्याची सबब होते; बाई पिते तेव्हा तोच तिचा गुन्हा ठरतो. आणि हा निवाडा मी दिला होता.

कायदा माझ्याइतका कोता नाही. राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा परवाना मागतो, वय बघतो. बाई की पुरुष हे बघत नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा न पिणाऱ्या बाईपुरताच नाही. बारमध्ये स्त्रियांनी काम करण्यावरची पंजाबच्या कायद्यातली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केली. सुरक्षेच्या नावाखाली बाईचं स्वातंत्र्य काढून घेऊ नका, हा त्या निकालाचा गाभा.

म्हणून एक ठोस सूचना मांडते. आमच्या तक्रार-अर्जात 'पीडित महिलेस व्यसन आहे काय?' असा रकाना आहे. तुमच्याही अर्जात असेल तर तो काढून टाकूया. उपचारासाठी विचारावं लागलं तर नंतर विचारू. आधी तिची जखम, तिचा निवारा, तिचा अर्ज. गुत्त्याविरुद्धचा मोर्चा चालूच राहील. पण पिणारी बाईही त्या मोर्चात असेल.

आणि कुणी विचारलं, "ताई, तुम्ही घेता का?" तर हो, घेते. आता चर्चेला सुरुवात करूया.