बघणारे

मराठीत 'बघणे' या क्रियापदाला फार राबावं लागतं. आपण स्थळ बघतो, जागा बघतो, आजारी माणसाला बघायला जातो. दवाखान्यात जाऊन आपण उपचार काही करत नाही. खाटेशेजारी दहा मिनिटं बसतो, सलाईनकडे नजर टाकतो, घरी येऊन कसं आहे ते सांगतो. तरी जावं लागतं.

इंग्लंडच्या दक्षिणेला, ससेक्समध्ये, जनावरांना असं बघायला जाणारी माणसं आहेत. त्यांना 'लुकरर' म्हणतात. शब्द जुन्या वळणाचा आहे. शेजारच्या केंटमधल्या रॉम्नी मार्श या सखल कुरणांत दूर राहणाऱ्या मालकांच्या मेंढ्या राखायला पगारी 'लुकर' असत. आताचे लुकरर बिनपगारी. निवृत्त मास्तर, नर्सबाई, कुणी पोस्टातले. प्रत्येकाचा वार ठरलेला.

तिथल्या चुनखडीच्या टेकड्यांवर गवत खुरटं राहिलं तरच रानफुलं आणि निळी फुलपाखरं टिकतात. चरणं थांबलं की काटेरी झुडपं माजतात. म्हणून निसर्ग जपणाऱ्या संस्था तिथं मेंढ्या आणि गुरं सोडतात. मालक मात्र बऱ्याचदा लांब असतो. ज्या जनावरांचं बरंवाईट माणसाच्या वरचेवर देखरेखीवर आहे ती रोज एकदा तरी तपासावीत, आणि इतरांनाही हाल होणार नाहीत इतक्या वेळा पाहावं, असे 2007 चे तिथले नियम आहेत.

लेक तिकडे असते. तिच्या शेजारच्या बाई लुकरर. एका सकाळी त्यांच्याबरोबर गेलो. काळ्या अंगाच्या, पोटावर रुंद पांढरा पट्टा असलेल्या गॅलोवे गाई. माझ्यातला कवी धुक्याकडे बघत होता, बाई शेणाकडे. पातळ आहे का? रवंथ चाललंय का? डोळे गळतात का? पाण्याच्या हौदाचा फ्लोट अडकलाय का? फाटक कुणी उघडं टाकलंय का? आणि गाय-वासराच्या मधे जायचं नाही, हे मला दोनदा बजावलं.

अकरा हव्या होत्या, दहा भरल्या. वीस मिनिटांनी अकरावी झुडपाआड सापडली, मागचा डावा पाय उचलून धरलेली. बाईंनी हात लावला नाही. बिल्ल्याचा नंबर वाचला, मालकाला फोन केला आणि तो येईपर्यंत थांबल्या. खुरांच्या बेचक्यात गारगोटी रुतली होती.

आता काही ठिकाणी गुरांच्या गळ्यात उपग्रहाशी जोडलेले पट्टे असतात. गाय कुठे आहे ते मोबाईलवर दिसतं. हौद कोरडा आहे हे पट्टा सांगत नाही.

आमच्या गावात गुराखी होता. सकाळी सगळी आळी त्याच्या हवाली गुरं करी, सुगीला जनावरामागे धान्य देई. घंटेच्या आवाजावरून कोण मागे राहिलं ते त्याला कळे. त्याच्या मुलानं ते काम धरलं नाही, ते बरंच केलं. पण जागा रिकामीच राहिली.

माझं नाव असं, की मी गाईविषयी बोलू लागलो की समोरचा जरा सावध होतो. तरी बोलतो. 2015 पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे. थकलेल्या जनावराच्या वैरणीचा खर्च मात्र एकट्या शेतकऱ्यावर. कायद्याच्या बाजूनं आणि विरुद्ध तावातावानं बोलणारे आपल्याला ठाऊक आहेत. रस्त्यावर सुटलेल्या जनावराच्या शेणात प्लास्टिक दिसतं का, हे कोण वाकून बघतं?

आमच्या चौकात दुभाजकावर एक तांबडी गाय बसते. आठवडा झाला, तिचा उजवा डोळा गळतो आहे. कानात बारा आकडी पिवळा बिल्ला आहे. जवळ जाऊन नंबर उतरवून घेतला. पानवाल्यानं विचारलं, "काय शायर, गाय घेताय का?" म्हटलं, "बघतोय." जनावरांचा दवाखाना सकाळी उघडला की नंबर घेऊन जायचं आहे.