सोफ्याचं कापड आणि घरातली माणसं
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या हॉलमध्ये दिलेल्या भाषणाचा काही भाग)



कापडाच्या धंद्यात माझी तीस वर्षं गेली, म्हणून मला 'सोफ्याला कुठलं कापड लावावं' हा विषय दिला गेला. पंचवीस वर्षांत आपल्या बहुतेकांचे सोफे एकदा तरी नव्याने शिवून झालेत, तेव्हा विषय घरातलाच आहे.

आमचा सागवानी सोफा आम्ही इथे राहायला आलो त्या वर्षीचा. त्यावर फिकट मखमल होती. पुढे बाबांचे हात थरथरू लागले. एकदा चहा सांडला, डाग गेला नाही. कोणी काही बोललं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून बाबा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायला लागले. आपल्याच घरात पाहुण्यासारखे! मुलगा म्हणाला, सोफा काढून टाकू. मी म्हटलं, लाकूड शाबूत आहे, कापड बदलू.

मी सिंथेटिक स्वेड निवडलं. खरं स्वेड म्हणजे कातड्याची आतली, लव काढलेली बाजू. दिसायला सुंदर, पण पाण्याचा थेंबसुद्धा डाग ठेवतो आणि आपल्या पावसाळ्यात त्याला बुरशी लागते. १९७० साली जपानच्या टोरे कंपनीत मियोशी ओकामोटो या शास्त्रज्ञाने त्याला पर्याय शोधला. एका धाग्यात, समुद्रात बेटं असावीत तसे दोन पदार्थ घ्यायचे, ते धागे सुयांनी एकमेकांत गुंतवायचे आणि नंतर 'समुद्र' विरघळवून टाकायचा. उरतात ते केसापेक्षा कितीतरी बारीक तंतू. ते पॉलियुरेथेनने बांधायचे आणि वर लव आणायची. हेच अल्ट्रास्वेड. इटलीतलं अल्कांतारा त्याच तंत्राचं भावंड.

आपल्या बाजारात 'स्वेड' म्हणून मिळतं ते बहुधा पॉलिएस्टरचं विणलेलं, वर लव काढलेलं कापड असतं. ते वाईट नाही, पण त्याला इटालियन म्हणून दाम मोजू नका! फायदे त्यातही आहेत. पॉलिएस्टर पाणी फार थोडं शोषतं, म्हणून लवकर सुकतं. हाताला मऊ लागतं, रेक्झिनसारखं उन्हाळ्यात पाठीला चिकटत नाही. सांडलेलं लगेच टिपून, ओल्या फडक्याने पुसलं तर बहुतेक डाग निघतात. आणि ज्यांना चामडं नको, त्यांच्या मनालाही खटकत नाही.

आता दुसरी बाजूही सांगतो. उदबत्तीची ठिणगी पडली तर हे कापड वितळून भोक पडतं. लवेत धूळ आणि मांजराचे केस अडकतात, तेव्हा आठवड्यातून एकदा मऊ ब्रश किंवा व्हॅक्यूम फिरवावा लागतो. डोकं टेकतो तिथे तेलाचा डाग धरतो. पाणी तसंच राहू दिलं तर खाली फोममध्ये उतरतं. शेवटी ते प्लॅस्टिकच आहे. म्हणून दर दोन वर्षांनी बदलू नका, एकदाच चांगलं घ्या आणि वापरा.

घेताना तीन गोष्टी करा. ओला पांढरा रुमाल कापडावर घासा, रंग उतरला तर परत द्या. पाण्याचा थेंब टाकून सुकू द्या, कडा राहते का बघा. आणि कारागिराला बजावून सांगा, सगळे तुकडे लवेच्या एकाच दिशेने काप. आमच्याकडे पहिल्यांदा बैठक आणि पाठ दोन रंगांची दिसत होती! कापड एकच, लव फक्त उलटी. एक पाठ पुन्हा शिवावी लागली.

नवीन कापड लागलं त्या दिवशी मी मुद्दाम बाबांसमोर अर्धा कप चहा बैठकीवर ओतला. बायको ओरडली. मी फडक्याने टिपला, पुसला. संध्याकाळपर्यंत जागा ओळखू येईना. बाबा काही बोलले नाहीत. रात्री बातम्यांच्या वेळी मात्र आपणहून येऊन त्यांच्या जुन्या कोपऱ्यात बसले. पुढची चार वर्षं, शेवटपर्यंत, ते तिथेच बसत.

म्हणून सांगतो, दुकानात कापड बघताना आधी घरातली माणसं आठवा. कोणाचे हात थरथरतात, कोणाचं बाळ रांगतंय, ते बघा. रंग मग ठरवा.