नोंद असेल, तर मूर्ती परतेल



मूर्ती चोरीस गेल्याचा शोक सारे गाव करते. परंतु ती परत मिळवावयाची तर न्यायासनापुढे पुरावा लागतो. कलावस्तूंच्या तस्करीचा अभ्यास मुख्यतः या पुराव्याचाच अभ्यास आहे.

तमिळनाडूतील श्रीपुरंतान येथील मंदिरातून चोलकालीन कांस्य नटराज २००६ साली चोरीस गेला. मंदिर कुलूपबंद असल्याने चोरी उघडकीस येण्यास २००८ साल उजाडले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने बनावट कागदपत्रांवर विसंबून ही मूर्ती सुमारे ५० लाख अमेरिकी डॉलरना विकत घेतली. मात्र पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने १९९४ साली मंदिरातच तिचे छायाचित्र टिपून ठेवले होते. ते त्या कागदांना भारी पडले आणि सप्टेंबर २०१४ मध्ये नटराज स्वदेशी परतला.

पुरावस्तूंच्या संरक्षणासाठी १९७२ चा कायदा आहे. परंतु जिची नोंदच नाही, त्या मूर्तीवर हक्क सांगावा कसा? म्हणून प्रत्येक गावाने आपल्या मंदिरातील मूर्तींची चहूबाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. उंची, धातू वा पाषाण, लेख, भंगलेल्या खुणा लिहून ठेवाव्यात आणि त्याच्या प्रती दोन ठिकाणी जपाव्यात. एवढे काम एका रविवारी होण्याजोगे आहे. नित्य पूजेइतकीच हीसुद्धा देवाची सेवाच होय.