मंडईतलं नाटक आणि मुलीच्या नावाची बांधी

भाऊबीज झाली, मंडया सुरू झाल्या, माहेरवाशिणी आल्या. आमच्या बचत गटाच्या बैठकीत यंदा हप्त्यांपेक्षा नाटकावरच जास्त बोलणं झालं. कारण आमच्यातल्याच एकीची मुलगी. बारावी झालेली, गळा गोड, गावच्या नाटकात दोनदा काम केलेलं. तिला आता वडशाच्या एका नाटक कंपनीकडून विचारणा आली. आईने मात्र तिला जीएनएम नर्सिंगला घालायचं ठरवलेलं. मायलेकी आठवडाभर बोलत नव्हत्या.

आमच्या लाखांदूर तालुक्याच्या शेजारीच वडसा. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्या तिथे. गावचं मंडळ तिथे जाऊन नाटक ठरवतं, मंडप टाकतं, तिकीट लावतं. रात्री उघडलेला पडदा पहाटेच पडतो. दिवाळीपासून होळीपर्यंत हा हंगाम. यात पैसा नाही असं कोणी म्हणू नये. पण तो प्रयोगाच्या हिशोबाने मिळतो, आणि होळी झाली की थांबतो. अवकाळी पाऊस आला की मंडप भिजतो. कोरोनात तर मंडपच उभे राहिले नाहीत.

एका बाईने परशुराम खुण्यांचं नाव काढलं. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या गुरनोलीचे. आठशेच्या वर भूमिका, पाच हजारांवर प्रयोग, आणि 2023 साली पद्मश्री. "त्यांनी नाही का केलं?" ती म्हणाली. खरंच आहे. पण मग आम्ही विचार केला, आपल्या भागात माणसं नाटक करत आली ती कशाच्या भरवशावर? धानाच्या. धान कापलं, चुरलं, कोठीत भरलं, की गडी मोकळा. नाटक नाही चाललं तरी घरात तांदूळ आहे. म्हणून तर हा हंगाम दिवाळीनंतरच येतो.

आता मुलीची गोष्ट बघा. परे काढायला ती, रोवणीला ती, कमरेइतक्या चिखलात नसलं तरी गुडघाभर पाण्यात ती. पण बांधी कोणाच्या नावाची? बापाच्या, उद्या भावाच्या. जुन्या काळी स्त्रीची भूमिकाही पुरुषच करायचे, तेव्हा हा प्रश्न कोणाला पडला नसेल. तिच्या आईला नाटक वाईट वाटत नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. तिला भीती एवढीच की पोरीचं गाणं थांबलं तर तिच्यापाशी काय राहील.

पोरगी म्हणते, "माय, दिवसा दवाखान्यात काम करीन, रातीले नाटक." ऐकायला बरं वाटतं. पण आमच्यातली एक जण दवाखान्यात कामाला आहे, ती हसलीच. नर्सला रात्रपाळी असते, आणि नोकरी काही धानासारखी थंडीचे चार महिने मोकळे देत नाही. तीन वर्षांचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत हंगामही तीन जातील.

मग बोलणं जमिनीवर आलं. महाराष्ट्रात 1994 पासून आणि देशभर 2005 पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे. कागदावर आहे, सातबाऱ्यावर मात्र नाव क्वचित दिसतं. बापाची तयारी असेल तर तहसीलदाराकडे कलम 85 खाली वाटणीचा अर्ज करता येतो. आम्ही हे बोललो तेव्हा गटातल्या तिघी-चौघी गप्पच झाल्या. भावाशी वाकडं कोण घेणार, हेच त्यांच्या मनात असावं. आमच्याही होतं.

तूर्त ठरलं ते असं. या हंगामात पोरगी कंपनीत जाईल, पण आठ प्रयोगांपुरती, आणि सोबतीला मावशी. मोबदला तिच्याच बँक खात्यात. पुढच्या उन्हाळ्यात नर्सिंगचा फॉर्म भरायचा की नाही, ते तिने होळीनंतर सांगायचं. आणि तिच्या बापाने सातबाऱ्याचा उतारा काढून आणलाय. घरात तो टेबलावर पडून आहे, अजून कोणी त्याच्यावर बोललेलं नाही. पहिला प्रयोग येत्या शनिवारी आहे. आम्ही सगळ्या जाणार आहोत.